मैदान कोणाचे?

हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे निघालेला रस्ता घाटाच्या रानात शिरण्यापूर्वी कलघटगी या तालुक्याच्या गावातून जातो. रंगीत नक्षीच्या लाकडी पाळण्यांसाठी या गावाची ख्याती आहे. किनाऱ्याकडे परतताना आम्ही तेथे चहापुरते थांबलो, तेव्हा शाळा सुटलेली दहा-बारा मुले रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत होती. तीन विटा उभ्या करून यष्ट्या केल्या होत्या, बॅट कुठल्याशा फळीची होती आणि चेंडू टेनिसचा होता. धावा कानडीत मोजल्या जात होत्या, भांडण मराठीत चालले होते आणि निकाल मात्र 'आऊट' या एकाच इंग्रजी शब्दात दिला जात होता. हे दृश्य आपल्या देशात इतके सर्वत्र आढळते की त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण २०२८ साली लॉस एंजलिस येथील ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार आहे. तसा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात घेतला. यापूर्वी १९०० साली पॅरिसला ब्रिटन व फ्रान्स यांच्यात एकच सामना झाला होता आणि त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकच्या बाहेरच राहिला. सव्वाशे वर्षांनी तो त्या दारात पुन्हा उभा राहत असताना त्याच्या वाटचालीकडे एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे. आणि ती पाहण्यास लॉर्ड्सच्या सज्जापेक्षा कलघटगीची ही मोकळी जागा अधिक सोयीची आहे, असे आम्हांस वाटते.

क्रिकेटचा निश्चित असा सर्वांत जुना पुरावा एका जमिनीच्या तंट्यात सापडतो, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावी १५९८ च्या सुमारास एका मोकळ्या तुकड्याच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला. तेथे जॉन डेरिक नावाच्या वृद्ध गृहस्थाने साक्ष दिली की, पन्नास वर्षांपूर्वी शाळेत असताना आपण व आपले सोबती याच जागेवर क्रिकेट खेळत होतो. म्हणजे हा खेळ इतिहासात प्रथम अवतरतो तोच मुळी 'ही जागा कोणाची' या प्रश्नाचा साक्षीदार म्हणून. आमच्या मते क्रिकेटच्या पुढील सगळ्या इतिहासाचे सार या प्रश्नातच आहे.

खेड्यातील पोरांचा हा खेळ पुढे जमीनदारांच्या हाती गेला. पैजा लागू लागल्या आणि पैजा लागल्या म्हणून नियम लागले. १७४४ मध्ये पहिले लेखी नियम झाले, १७८७ मध्ये लंडनचा मेरिलबोन क्लब निघाला आणि खेळाची किल्ली त्याच्या कमरेला अडकली. पण व्यापारी जहाजांनी तो तोवर समुद्रापार नेलाही होता. आपल्या देशात क्रिकेट खेळले गेल्याची पहिली नोंद १७२१ ची असून ती खंबायतच्या किनाऱ्यावरील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांनी वेळ घालवण्यासाठी मांडलेला तो डाव होता. कलकत्त्याचा क्लब १७९२ चा. पहिला आंतरराष्ट्रीय सामना इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक तो १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. पहिली कसोटी १८७७ ची, मेलबर्नची. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८६८ मध्ये, ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला संघ गोऱ्यांचा नव्हता. तो तेथील आदिवासींचा होता. ज्यांची भूमी हिरावली गेली त्यांनाच त्या भूमीच्या नावाने प्रथम मैदानात उतरवण्यात आले, हा इतिहासाचा केवढा विदारक विनोद!

अमेरिकेत रुजलेला खेळ तेथे सुकला आणि साम्राज्यात मात्र फोफावला, याचे कारण निव्वळ हवामानात शोधून चालणार नाही. १९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांनी मिळून जी संस्था काढली तिचे नावच मुळी 'इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स' होते. साम्राज्याबाहेरच्यास तेथे आसन नव्हते. १९२६ मध्ये हिंदुस्थान, वेस्ट इंडीज व न्यूझीलंड आत आले. 'इंपीरियल' हा शब्द जाऊन 'इंटरनॅशनल' आला तो १९६५ साली. तोवर साम्राज्याचा सूर्य मावळून बराच काळ लोटला होता, पण पाटी बदलण्यास साहेबास सवड झाली नव्हती.

तथापि कोणताही खेळ केवळ राज्यकर्त्यांच्या मर्जीने पसरत नसतो. मुंबईत पारशांनी १८४८ मध्ये 'ओरिएंटल' क्लब काढला आणि १८६६ च्या सुमारास हिंदूंचा क्लब निघाला. या मंडळींस क्रिकेट कोणी शिकवले नाही. त्यांनी ते कुंपणाबाहेरून पाहून उचलले. १८८० नंतरच्या दशकात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर गोरे अधिकारी पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडे आणि एतद्देशीय खेळाडूंना चेंडू टाकण्यास सपाट जागा उरत नसे. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने या मंडळींनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. आठवड्यातून दोन दिवस मोजक्या साहेबांनी पोलो खेळावा म्हणून शेकडो मुलांचे मैदान का हिरावून घेता, असा त्यांचा सवाल होता. राष्ट्रीय सभेची स्थापना व्हायची होती, स्वराज्याचा उच्चार सभांतून व्हायचा होता, आणि त्या काळी ही माणसे एका मैदानासाठी सरकारशी भांडत होती! पुढे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर, आजच्या मरीन ड्राइव्हलगत, पारशी, इस्लाम व हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. त्या भांडून मिळाल्या होत्या, हे आज तेथे सायंकाळी फिरावयास जाणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

साहेबाकडे न्याय मागणाऱ्या आपण आपल्या माणसांना कितपत न्याय दिला, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. त्याचे उत्तर शोधण्यास पुन्हा धारवाडकडे यावे लागते. कलघटगीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या याच धारवाडात १८७६ साली बाळू पालवणकर यांचा जन्म झाला. आडनावातली पालवण ही कोकणातली, म्हणजे माणूस आपल्या किनाऱ्याच्या मुळाचा. घराणे चर्मकार समाजातले आणि वडील लष्करी नोकरीत. पुण्यात बाळू प्रथम पारशांच्या क्लबात झाडलोट करी, खेळपट्टीवर रूळ फिरवी. त्यानंतर साहेबांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर त्यास काम मिळाले. तेथे जाळ्यात गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. कॅप्टन ग्रेगसारखा नामांकित फलंदाज त्याच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. असंख्य चेंडू त्याने टाकले, पण बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा धन्याचा अधिकार आणि गोलंदाजी ही चाकराची मेहनत, अशीच ती वाटणी होती.

साहेबाची कीर्तिमान विकेट काढणारा हा गडी आपल्या संघात हवा, असे पुण्याच्या हिंदू क्लबातील काहींना वाटू लागले, तेव्हा वाद माजला. अखेर त्यास घेतले, परंतु कसे? मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. चहाच्या वेळी मात्र तंबूत सर्वांसाठी कपबश्या आणि बाळूसाठी बाहेर मातीचे परळ. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूस विटाळ नाही आणि कपास मात्र आहे, हे कोणत्या शास्त्रात बसते? आम्ही हे लिहितो ते कोणास लाजवण्यासाठी नव्हे. ही गोष्ट आपलीच आहे आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरातील आहे, म्हणून ती आपणच सांगितली पाहिजे. परक्याने सांगितली की आपणांस राग येतो, आणि आपण सांगत नाही म्हणूनच तर परक्यास ती सांगावी लागते.

बाळूंनी उत्तर दिले ते चेंडूने. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. तो विजय मिळवून देणाऱ्यांत बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, परंतु सर्व सामने मिळून बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर मिळाले नाही ते नाहीच. १९२० साली या वादात शिवराम व विठ्ठल या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढून आपली व्यथा मांडली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर यांस कर्णधार केले गेले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. या विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. मराठी वाचकाने ते मिळवून वाचावे.

१९३२ हे साल या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात लॉर्ड्सवर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिली कसोटी खेळली, आणि तीनच महिन्यांनी येरवड्यात पुणे करार झाला. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू पालवणकरही होते. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. ज्या बाबासाहेबांनी तरुणपणी त्यांचा गौरव केला होता, त्यांच्याशीच हा सामना व्हावा, हा दैवदुर्विलास होता. त्याचे राजकारण काही असो, खेळपट्टीवर रूळ फिरवणारा मुलगा देशाच्या भवितव्याच्या कागदावर सही करणारा झाला, हे क्रिकेटच्या वाटेने घडले हे विसरता येणार नाही. १९५५ मध्ये बाळूंचे मुंबईत निधन झाले.

आमच्या गोव्याची कथा आणखी निराळी. सरहद्दीच्या त्या बाजूला इंग्रज, या बाजूला पोर्तुगीज. खेळही सरहद्द ओलांडताना अडखळले. क्रिकेट खेळावे तर गोमंतकीयाने मुंबई गाठावी, असाच तो काळ होता. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई असेच मुंबईस गेले. त्यांनी भारतातर्फे पहिली कसोटी कानपूरला खेळली ती डिसेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात. गोवा मुक्त झाला त्याच महिन्याच्या १९ तारखेस. म्हणजे गोव्याचा पुत्र भारताची टोपी घालून मैदानात उतरला तेव्हा त्याची जन्मभूमी अद्याप परक्याच्या ताब्यात होती! मुक्तिलढ्यात ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या मनात या योगायोगाने काय कालवाकालव होत असेल, हे सांगावयास नको. त्याच सरदेसायांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा काढल्या, किंग्स्टनला २१२ धावांची खेळी केली, आणि अजित वाडेकरांच्या संघाने तेथे प्रथमच मालिका जिंकली. वसाहतीतून आलेल्या दोन संघांची ती लढत होती. त्या वेस्ट इंडीजमध्येही काळ्या माणसास पूर्ण मालिकेसाठी कर्णधार करावयास १९६० साल उजाडावे लागले होते. फ्रँक वॉरेल यांना तो मान मिळाला आणि पुढे त्या बेटांनी जगाला क्रिकेट शिकवले. उलट दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाचा हट्ट सोडला नाही म्हणून १९७० पासून १९९१ पर्यंत तिला मैदानाबाहेर बसावे लागले. दार उघडले की खेळ वाढतो, आणि लावून घेतले की लावणाराच कोंडला जातो. सबंध जगातील अनुभव हाच आहे.

१९८३ च्या विश्वचषकानंतर खेळाचे केंद्र लॉर्ड्सवरून हळूहळू आपल्याकडे सरकले. १९८७ ची स्पर्धा प्रथमच इंग्लंडबाहेर, भारत व पाकिस्तान यांच्या भूमीवर झाली. खेळ जसा महानगरांतून तालुक्यांकडे आला तसे नवे खेळाडूही तालुक्यांतून वर आले. गदगचे सुनील जोशी शाळकरी वयात पहाटे सरावासाठी हुबळीस येत आणि शाळेच्या वेळेला गदगला परतत. धारवाडच्या मातीतला हाही डावखुरा फिरकी गोलंदाज. १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यांनी दहा षटकांत अवघ्या ६ धावा देऊन ५ बळी घेतले. नोव्हेंबर २००० मध्ये बांगलादेशाने ढाक्यात आपली पहिली कसोटी खेळली तेव्हा सामनावीराचा मान जोशींनाच मिळाला. एका नव्या राष्ट्राच्या क्रिकेटचा जन्म होत असता तेथे हुबळी-धारवाडचा माणूस हजर होता, ही गोष्ट येथील मुलांना शाळेत सांगावी अशी आहे.

त्यानंतर पसारा आणखी वाढला. २०१७ मध्ये आयर्लंड व अफगाणिस्तान यांना कसोटीचा दर्जा मिळून असे देश बारा झाले. आंतरराष्ट्रीय संस्थेची सदस्यसंख्या शंभरापलीकडे गेली. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे अमेरिकेने पाकिस्तानला बरोबरीनंतरच्या जादा षटकात हरवले. ते षटक टाकले होते मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकर या मराठी संगणक अभियंत्याने. मुंबईकडून रणजी खेळूनही येथे पुढची वाट दिसेना म्हणून शिक्षणासाठी परदेशी गेलेला हा तरुण. १८४४ मध्ये न्यूयॉर्कात सुरू होऊन सुकलेले रोप पुन्हा पालवत आहे ते आपल्याच घामावर, हे मोठे समाधान आहे. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तर आणखी एक कुंपण मोडले. महिलांचा पहिला विश्वचषक पुरुषांच्या दोन वर्षे आधी, १९७३ साली झाला होता आणि त्याच वर्षी आपल्या मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली होती. म्हणजे मुलींनी मैदान मागितले त्याला अर्धशतक उलटून गेले. मिळाले मात्र आता. अफगाणिस्तानात २०२१ नंतर मुलींचे क्रिकेट मोडून टाकले गेले आणि त्यांच्या खेळाडूंना परदेशी आश्रय घ्यावा लागला, तरी जागतिक संस्थेने पुरुषांच्या संघाची पंगत चालूच ठेवली. दक्षिण आफ्रिकेस लावलेला न्याय येथे का लावला जात नाही, असे विचारणे गैर ठरू नये.

या वाढीची दुसरी बाजू पैशाची आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. जागतिक संस्थेच्या २०२४ ते २०२७ च्या वाटपात सुमारे ३८.५ टक्के वाटा एकट्या भारतीय मंडळाकडे गेला. पैशामुळेच लहान गावांतील मुलांना दार उघडले, असा युक्तिवाद यावर केला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. रिक्षाचालकाचा वा शेतमजुराचा मुलगा एका लिलावात लखपती झाल्याचे आपण पाहिले आहे. परंतु लिलावाच्या पटापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्या मुलास कोठेतरी पहिला चेंडू टाकावा लागतो. तो टाकण्याची जागा प्रक्षेपणाच्या हक्कांत येत नाही. ती तालुक्याच्या गावात असते आणि तिचा लिलाव वेगळ्याच लोकांत चालतो. रस्त्यालगतचा मोकळा तुकडा दिसला की कोणास तेथे व्यापारी गाळे दिसतात, कोणास वसाहत दिसते, तर कोणास पुढाऱ्याच्या सभेचा मंडप दिसतो. शाळांची मैदाने पावलापावलाने आक्रसत चालली आहेत, हे किनाऱ्यावर काय आणि घाटावर काय, डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या कोणासही दिसेल. मोठ्या शहरांत तर तासाला भाडे मोजून जाळीच्या पिंजऱ्यात खेळावे लागते. ज्याच्याजवळ भाडे नाही त्याने आज कोणत्या कुंपणाबाहेर उभे राहावे? पूर्वी साहेबाच्या घोड्यांनी हिरवळ तुडवली. आज ती कोण तुडवीत आहे, हे नाव घेऊन सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच आमच्या अपेक्षा साध्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एक मैदान असे असावे की ज्याच्या सातबारावर वा उताऱ्यावर 'खेळासाठी राखीव' ही अक्षरे कायमची कोरली जातील आणि कोणत्याही ठरावाने ती पुसता येणार नाहीत. क्रिकेट मंडळांच्या तिजोरीतील अल्पसा भाग यासाठी सहज पुरेल. त्या मैदानावर काही वेळ केवळ मुलींचा असावा, कारण तो राखला नाही तर त्यांना मिळत नाही, हा अनुभव आहे. आणि हुबळी-धारवाड परिसरातील एखाद्या मैदानास बाळू पालवणकरांचे नाव द्यावे. हे कार्य कर्नाटकातील मराठी व कानडी भाषिकांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे. सीमेचा वाद आपल्या जागी राहो. धारवाडला जन्मलेला, कोकणच्या मुळाचा, पुण्यात घडलेला आणि मुंबईत गाजलेला हा माणूस कोणत्या एका भाषेच्या खात्यावर मांडता येणारच नाही.

चहा संपवून आम्ही निघालो तेव्हा कलघटगीतील त्या मुलांचे भांडण मिटले होते. बाद झालेल्या मुलाने फळी पुढच्याच्या हाती दिली आणि तो निमूटपणे क्षेत्ररक्षणास गेला. त्यांच्यापैकी कोणाची जात कोणती, कोणाच्या घरी कोणती भाषा, हे त्या जागेने विचारले नव्हते. बाळूंच्या पुण्यास जे जमले नाही ते येथे रोज सायंकाळी सहज घडत आहे. लॉस एंजलिसला सुवर्णपदक मिळेल वा न मिळेल. ही मोकळी जागा मोकळी राहिली पाहिजे. चारशे वर्षांपूर्वी गिल्डफर्डच्या त्या वृद्धाने न्यायालयात उभे राहून सांगितले की आम्ही येथे खेळत होतो. उद्या या मुलांवर तीच साक्ष भूतकाळात देण्याची पाळी येऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.